चार नंबरचं तळं

"चार नंबरमधले आज किती मेले?" डॉक्टर इनासनी विचारलं.

"तीन," शहाता म्हणाला.

"नीट बघितलंत ना? कडेच्या गवतात?"

"गवतात बघितलं, पाणी घुसळायच्या पंख्याखाली बघितलं. तीनच आहेत, डॉक्टरबाई."

डॉक्टरबाईंनी वहीत तीन लिहिलं आणि पेन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सकाळचे नऊच वाजले होते, पण ऑगस्टचं ऊन बांधावर टेकून बसलं होतं. बुरुल्लुस सरोवराकडून एरवी येणारा वाराही पडला होता. समोर सहा तळी. त्यातल्या दोन आणि पाच नंबरच्या काठाला चुन्याचे पांढरे ढीग होते. त्यांच्याखाली गेल्या महिन्याभरात मेलेले बुल्ती मासे पुरलेले होते. शहातानंच पुरलेले, मोजून.

डॉक्टरबाईंनी एक रिकामं खोकं उलटं केलं आणि त्यावर बसल्या. दोन वर्षं त्या या मत्स्यशेतीवर येत होत्या; त्यांना इथे बसलेलं शहातानं कधी पाहिलं नव्हतं.

"काका, मी आज सामान न्यायला आलेय. जाळी, डबे, तराजू, सगळं. पंपावरच्या अवादला हाक मारा, गाडीत चढवायला."

"हंगाम संपायच्या आधीच?"

"माझ्यापुरता संपला." त्या पाण्याकडे बघत बोलत होत्या. "जूनमध्ये सगळ्या तळ्यांतल्या माशांचं रक्त नेलं होतं ना आपण, रोग यायच्या आधी? चार नंबरला लस नाही. साधं खाद्य. तरी त्याच्या रक्तात लस दिल्याच्या खुणा निघाल्या. त्या आपोआप येत नाहीत. मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असणार. नळ्यांवर चिठ्ठ्या सबाह लावते. अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे ती. गेल्या गुरुवारी तिला म्हटलं, तुझ्या घोळानं माझी सात वर्षं पाण्यात गेली, आता येऊ नकोस. रडली नाही, भांडली नाही. किल्ली टेबलावर ठेवली नि गेली."

शहातानं चार नंबरच्या पाण्याकडे पाठ फिरवली.

"आणि एकदा नळ्या बदलल्या म्हटलं की बाकीच्या पाच तळ्यांचं तरी काय खरं? वर हे चार नंबर जगलंय. लस न घेता जगलंय. लोक म्हणणार, बाई, तुमची लसीची तळीसुद्धा अशीच जगली असतील. मी काय उत्तर देणार?"

"चहा ठेवतो," शहाता म्हणाला, आणि आपल्या खोलीत गेला.

खोली कसली, चार नंबरच्या काठावरचं विटांचं खोपटं. दार उघडलं की तीन पावलांवर पाणी. शहाता सहा वर्षं तिथे एकटा राहत होता. त्यानं स्टोव्ह पेटवायला घेतला. काडी विझली. दुसरीही विझली.

साठी उलटलेला माणूस. त्याच्या आधीचे तीन मुलगे पाळण्यातच गेले, म्हणून आईनं त्याचं नाव शहाता ठेवलं होतं, भिकेत मिळालेला, म्हणजे मृत्यूला त्याचा हेवा वाटू नये. तो जगला. गावातल्या शाळेच्या अंगणात एकाच सुईनं सगळ्या पोरांना औषध टोचलं गेलं, त्या पोरांत तोही होता आणि पुढे त्याची बायको झालेली फिक्रियाही होती. त्या सुईतून यकृताचा विषाणू अर्ध्या गावाच्या रक्तात गेला आणि चाळीस वर्षं दबा धरून बसला. दोघांना एकाच वर्षी कळलं. फिक्रियाचं पोट पाण्यानं फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि वसंतातल्या एका शुक्रवारी ती गेली. त्याच साली हिवाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यात नव्या गोळ्या आल्या. शहातानं तीन महिने त्या घेतल्या. रक्त स्वच्छ निघालं. तो कागद छातीशी धरून तो टेंपोनं घरी परतला, दार उघडलं, आणि कागद कुणाला दाखवावा ते त्याला सुचेना. मुलगी सिहाम नवऱ्याबरोबर कुवेतला होती. दर शुक्रवारी फोन करायची.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"तब्येत?"

"बरी आहे. पोरं कशी आहेत?"

आणि मग दोघंही काय बोलावं म्हणून थांबायची.

त्याच महिन्यात त्यानं गावातलं घर बंद केलं आणि हाजी बस्यूनीच्या तळ्यांवर राखणदार म्हणून येऊन राहिला.

मे महिन्यात डॉक्टर इनासनी त्याच्या तळहातावर चिमूटभर पांढरी पूड ठेवली होती. "ही कोळंबीच्या सालीची पूड, काका. पण पिठासारखी नाही. तुमच्या एका केसाच्या जाडीत हिचे हजार कण शेजारी शेजारी बसतील. प्रत्येक कणाच्या पोटात मेलेल्या विषाणूचा एक तुकडा आहे. नुसता तुकडा दिला तर माशाच्या पोटातलं आम्ल तो पचवून टाकतं. या सालीत गुंडाळला की आतड्यापर्यंत धड पोचतो. माशाचं अंग त्याला बघून ठेवतं, लक्षात ठेवतं. पुढे खरा विषाणू आला की ओळखतं."

"म्हणजे मेलेला चोर आधी दाखवून ठेवायचा."

"अगदी तसंच. इतक्या माशांना सुई कोण टोचणार? म्हणून खाद्यावर पूड लावायची."

पंप चालवणारा अवाद शेजारी उभा होता. तो म्हणाला, "डोळ्यांना दिसतच नाही तर बाईंनी पूड लावलीय कशावरून? आमच्या हाजींनाही सांगा, पगार एवढा बारीक करून द्या, की दिसायला नको." डॉक्टरबाई मनापासून हसल्या होत्या.

मग चिठ्ठ्या टाकून तळी ठरली. काही पोत्यांना हिरवा दोरा, काहींना लाल. एक, तीन आणि सहा नंबरला हिरवं. दोन, चार आणि पाचला लाल. लस कुठल्या पोत्यात ते बाईंनी शहाताला सांगितलं नाही. "तुम्हाला माहीत नसलं की सगळ्यांवर तुमची सारखी नजर राहील," असं त्या म्हणाल्या. दहा दिवस खाद्य, मग पंधरा दिवस खंड, मग पुन्हा दहा दिवस.

पहिल्याच दुपारी शहातानं हिरव्या दोऱ्याचं पोतं सोडलं आणि तो तिथेच थांबला. वास फार पुसट होता, दुसऱ्या कुणाला आला नसता. पण फिक्रियानं सरोवराकाठच्या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं कोळंबी सोलली होती. लिंबानं, राखेनं, साबणानं, कशानंही हात धुतले तरी तिच्या नखांतून तो वास जात नसे. तापात तिनं कपाळावर हात ठेवला की आधी तो वास यायचा आणि मग गारवा. शहातानं पोत्यात तोंड घातलं. मग लाल दोऱ्याचं पोतं हुंगलं. त्यात पेंड होती, तेल होतं, मासळीचं कूट होतं. तो वास नव्हता.

त्याला कळायला नको होतं ते कळलं.

पहिले दोन दिवस त्यानं सांगितल्याप्रमाणे खाद्य टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे चहाचा पेला घेऊन तो दारात बसला. चार नंबरचे मासे त्याच्या सावलीला ओळखत. तो बसला की काठाशी गोळा होत, तोंडं वर करून. तो त्यांच्याशी बोलायचा. काय बोलायचा ते सांगण्यासारखं नाही. आज वारा खारट आहे, अवादनं पुन्हा पंपाची किल्ली हरवली, सिहामच्या धाकट्याला दात आला. सहा वर्षांत त्याचं सगळ्यात जास्त बोलणं या पाण्याशी झालं होतं. त्या सकाळी तो त्यांच्याकडे बघत बसला आणि पेल्यातला चहा निवला.

सगळ्या लाल तळ्यांना पुरेल एवढं हिरवं खाद्य नव्हतं. हिशेब त्यानं मनातल्या मनात केला: तीन तळ्यांचा वाटा चौघांत करता येईल, सहांत नाही. सहांत केला तर कुणालाच धड लस मिळणार नाही. एकच तळं उचलता येणार होतं. त्यानं आपल्या दारासमोरचं उचललं. एक, तीन आणि सहाच्या वाट्यातून थोडं थोडं काढून चारला दिलं, आणि त्यांची तूट लाल पोत्यातून भरून काढली. अठरा दिवस. किती दिवस ते त्यानं कुठेही लिहिलं नाही, पण विसरलाही नाही.

जुलैच्या मध्याला पाणी तापलं आणि रोग आला. आधी पाच नंबरमध्ये. मासे खाईनात, पृष्ठभागावर भोवंडल्यासारखे फिरायला लागले. डोळे सुजून पांढरे पडले, अंगावर लाल चट्टे उठले. दोन दिवसांनी दोन नंबरमध्ये तेच. शहाता रोज पहाटे पायघोळ गलाबिया कमरेला खोचून पाण्यात उतरायचा, मेलेले जाळीनं ओढायचा, एक एक मोजून टोपलीत टाकायचा आणि आकडा वहीत लिहायचा. एका सकाळी एकट्या पाच नंबरमध्ये चारशे बारा. अवाद म्हणाला, "अंदाजानं चारशे सांगा की हो काका, कोण बघायला येतंय?" शहातानं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा मोजायला लागला.

एक, तीन आणि सहा नंबरमध्ये रोजचे पाच-सात मरत होते. चार नंबरमध्येही तेवढेच. संध्याकाळी तो दारात बसायचा तेव्हा काठाशी तोंडं गोळा व्हायची, आणि तो उठून आत जायचा. त्या दिवसांत त्यानं पाण्याशी बोलणं सोडलं होतं.

चहा उकळून वर आला. शहातानं दोन पेले भरले, साखर घातली, एक पेला बाईंच्या हातात दिला. स्वतःचा पेला दाराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि उभाच राहिला.

"डॉक्टरबाई, सबाहबाईंची चूक नाही."

"तुम्हाला काय माहीत, काका?"

"नळ्या बरोबर होत्या. चार नंबरनं लस खाल्लीय. मी दिली."

डॉक्टर इनासनी मान वर केली. त्यांना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी पेला जमिनीवर ठेवला.

"कुठली लस? लस कुठल्या पोत्यात ते तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"हिरव्यात. वास येतो."

"कसला वास? त्याला वास नाही. आम्ही चार जणांनी हुंगून बघितलं होतं."

"माझी बायको कोळंबी सोलायची," शहाता म्हणाला.

पलीकडे अवादच्या पंपाची धडधड चालली होती. मग डॉक्टरबाईंनी एकामागून एक प्रश्न विचारले. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द तोलून. कधीपासून. किती दिवस. कुणाच्या वाट्यातून किती ओंजळी. शहातानं सगळं सांगितलं. त्या लिहीत गेल्या. लिहिता लिहिता एकदा कागद फाटेल इतकं पेन दाबलं गेलं.

"आणि दोन नंबर? पाच नंबर?"

"त्यांना नाही दिलं."

"का?"

"पुरलं नसतं. एकालाच पुरणार होतं."

"मग चारच का?"

"दारासमोर होतं."

डॉक्टरबाई उठल्या. त्यांचे डोळे रागानं भरून आले होते. "काका, ते सगळ्यांसाठी होतं. तुमच्या दारासमोरच्या एका तळ्यासाठी नव्हतं. या सगळ्या किनाऱ्यावर उन्हाळा आला की लोकांची तळी अशी पांढरी होतात. लस चालते हे मला कुणालाही दाखवता आलं असतं तर... दोन तळ्यांना काही मिळणार नाही, ती मरतील, हे मला ठाऊक नव्हतं का? मला झोप लागत होती असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत."

"मग मला विचारायचं तरी होतं!"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

त्या बांधावरून थोड्या पुढे गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, मग परत आल्या तेव्हा फोन कानाला होता.

"सबाह, मी इनास. ठेवू नकोस. ऐक. तुझी चूक नव्हती. नळ्या बरोबर होत्या... थांब, ज्यांच्या हातून झालं तेच सांगतील." आणि त्यांनी फोन शहातापुढे धरला.

शहातानं ओले हात गलाबियाला पुसले. ज्या बाईला त्यानं कधी पाहिलं नव्हतं तिला त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, कमी शब्दांत. पलीकडून काहीच आवाज येईना. त्याला वाटलं, फोन बंद पडला.

"ऐकताय ना, बाई?"

"ऐकतेय," सबाह म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, की खरंच माझ्याच हातून झालं असेल. पाच रात्री एक एक नळी आठवत बसलेय मी."

"माफ करा."

"अल्लाला विचारा माफी," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, थकलेल्या आवाजात, "बरं झालं सांगितलंत."

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी सामान नेलं नाही. रक्तातल्या खुणा खोट्या नव्हत्या, उलट वाटा कमी मिळूनही लस चालली होती, एवढं त्यांच्या हाती लागलं. पण चार नंबर कागदावरून कापावं लागलं आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून करणं आलं.

हाजी बस्यूनी दुपारी आला. शहाताच्याच वयाचा, जाडजूड, तोंडानं फटकळ माणूस. त्यानं बांधावर उभं राहून शहाताला सगळ्यांसमोर झापलं.

"माझ्या तळ्यावर माझाच माणूस खोटं वागतो? त्या बाईला मी शब्द दिला होता! वीस वर्षं लोक मला हाजी म्हणतायत ते काय तुझ्यासारख्यांनी नाक कापावं म्हणून?"

"चुकलं, हाजी."

"चुकलं म्हणे! मरायचं ते मरू द्यायचं होतंस." मग तो चार नंबरकडे वळून बघत राहिला. पाणी हिरवं, शांत होतं. त्याचा आवाज खाली आला. "एक तळं वाचवलंस, म्हणून हाकलत नाही. पण उद्यापासून तळ्यांवर पाय ठेवायचा नाही. रस्त्याकडच्या फाटकावर बस. तिथेही एक खोली आहे."

शहातानं पथारी, स्टोव्ह, दोन पेले आणि कपड्यांचं गाठोडं फाटकावर नेलं. त्या खोलीच्या दारातून डांबरी रस्ता दिसायचा, मालमोटारी दिसायच्या, आणि पलीकडे भाताची शेतं. पाणी दिसायचं नाही. सकाळी चहाचा पेला घेऊन तो दारात बसायचा आणि मालमोटारींचे दिवे मोजायचा, मग तेही सोडून दिलं. शुक्रवारी सिहामचा फोन आला.

"बाबा, आवाज वेगळा येतोय. बाहेर आहात का?"

"रस्त्याजवळ राहायला आलोय."

"बरं झालं. माणसं तरी दिसतील."

"हो," शहाता म्हणाला. "गाड्या दिसतात."

नोव्हेंबरात तळी उपसायला घेतली. चार दिवस फाटकातून बर्फाच्या पेट्या आत गेल्या आणि मासळीच्या बाहेर आल्या. पहिल्याच दिवशी अवाद एका गाडीच्या टपावर बसून बाहेर पडताना ओरडला, "काका, चार नंबरचे! हातभर एकेक!" शहातानं फाटक उघडलं, गाडी जाऊ दिली आणि फाटक लावलं.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर इनास स्वतः चालत फाटकापाशी आल्या. पायात चिखलानं भरलेले रबरी बूट. ऑगस्टनंतर त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. गाडीतून जाताना नुसती मान हलवायच्या.

"काल दोन नंबर उपसलं," त्या म्हणाल्या. "उरलेले जिवंत मोजले आणि तुमच्या वहीतले मेलेले त्यात मिळवले. सुरुवातीला सोडलेल्या माशांत आणि या बेरजेत सत्तेचाळिसांचा फरक आला. तेवढे बगळ्यांनीच नेले असतील."

"नेतात बगळे."

"तुम्ही एक दिवसही अंदाजानं लिहिलं नाहीत."

शहातानं फाटकाची कडी पुन्हा लावून बघितली.

"आता पाच नंबर राहिलंय. अवाद मोजायला बसलाय, पण तो सारखा विसरतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. मी हाजींना विचारलंय. चला."

तो त्यांच्या मागून गेला. ओळखीच्या बांधावरून चालताना त्याची नजर खालीच होती. चार नंबर कोरडं पडलं होतं. तळाच्या चिखलाला भेगा पडायला सुरुवात झाली होती. खोपट्याला कुलूप होतं. तो थांबला नाही.

पाच नंबरचं पाणी गुडघ्याच्याही खाली आलं होतं. माणसांनी जाळं ओढून उरलेले मासे एका कोपऱ्यात आणले होते. शहातानं चपला काढल्या, गलाबिया खोचली, पाण्यात उतरला. एक एक मासा दोन्ही हातांनी उचलायचा, मोठ्यानं आकडा म्हणायचा, टोपलीत ठेवायचा. टाकत नव्हता, ठेवत होता. डॉक्टरबाई काठावर उभ्या राहून लिहीत होत्या. अवादची थट्टा सुरुवातीला चालली होती, मग तीही थांबली. आजारातून उठलेले मासे होते ते. काहींचा एक डोळा गेलेला, काहींच्या अंगावर खवल्यांच्या जागी करडे डाग. जिवंत होते.

"दोनशे नऊ. दोनशे दहा. दोनशे अकरा."

जाळं रिकामं झालं. माणसांनी ते गुंडाळलं, टोपल्या उचलल्या. हाजी बस्यूनी वरून म्हणाला, "झालं ना? बंद करा पंप."

"थांबा," शहाता म्हणाला.

तो चिखलातून पलीकडच्या कडेपर्यंत गेला. पाय पोटरीपर्यंत रुतत होते, प्रत्येक पाऊल उपसून टाकावं लागत होतं. तिथे बांधाच्या पोटाशी, बोरूच्या मुळांखाली, परातीएवढं पाणी साठून राहिलं होतं. त्यानं वाकून मुळांत हात घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच थोडा वेळ वाकून राहिला. काठावरची माणसं बघत होती. मग त्यानं दोन्ही हात वर काढले. हातात वीतभर मासा होता. शेपटी मारत होता.

तेवढंच अंतर तोडून तो परत आला, मासा टोपलीत ठेवला, आणि डॉक्टरबाईंचं पेन कागदाला टेकेपर्यंत थांबला.

"दोनशे बारा," तो म्हणाला.